उत्तरेची उषा आणि कुलाब्याची सुई

खानदेशातून माणसे ध्रुवप्रकाश पाहायला जाऊ लागली, ही गोष्ट अलीकडची. काशी-रामेश्वर, मग दुबई-सिंगापूर, मग स्वित्झर्लंड अशी पायरीपायरीने लांबत गेलेली आपली यात्रा आता सत्तराव्या अक्षांशाला पोचली आहे. जळगावचे सराफ, रावेर-यावलकडचे केळीवाले, धुळ्याचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांची मुले परदेशात स्थिरावली असे आईवडील ऐन जानेवारीत नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजात बसतात. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणारी ही मंडळी उणे दहात डेकवर उभी राहतात, तेही रात्री दोन वाजता, मान वर करून. बॅगेत दशम्या आणि लसणाची चटणी असते, हे सांगायला नकोच.

माझी आतेबहीण आणि तिचे यजमान दोन हिवाळ्यांपूर्वी असे जाऊन आले. सहा रात्रींपैकी दोन रात्री त्यांना प्रकाश दिसला. जहाजावर सोय अशी, की प्रकाश दिसू लागला की खोलीतल्या भोंग्यावरून उठवतात. मग सगळे स्वेटर, कोट, कानटोप्या चढवत वर धावतात. बहिणीने मला मोबाइलमधली चित्रे दाखवली. पोपटी रंगाचे पडदे, त्यांच्या कडेला गुलाबी. मग हळूच म्हणाली, "दादा, खरं सांगू? डोळ्यांना एवढं हिरवं दिसत नव्हतं. पांढुरकं, धुरासारखं दिसायचं. मोबाइल धरला की हिरवं." तिचे निरीक्षण अगदी अचूक आहे. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत. कॅमेरा मात्र काही सेकंद उजेड साठवतो आणि रंग काढून दाखवतो. प्रकाश जोरात असला तरच तो नुसत्या डोळ्यांना हिरवा दिसतो. जाहिरातीतला ध्रुवप्रकाश हा बहुतेक वेळा कॅमेऱ्याने पाहिलेला ध्रुवप्रकाश असतो.

पण तिच्या दुसऱ्या वाक्यामुळे हा लेख लिहायला घेतला. ती म्हणाली, "आपल्या आभाळाच्या नशिबात असलं काही नाही."

आपल्या आभाळाच्या नशिबात ते होते. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. शके १७९३, पौष वद्य पक्ष. अमावास्या चार-पाच दिवसांवर, म्हणजे चंद्र उगवायला पहाट होणार. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवप्रकाश दिसला. ६ फेब्रुवारीच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'ने बातमी दिली, तिचा आशय असा: रविवारी सूर्यास्तानंतर प्रकाश मंद दिसू लागला, रंग सारखे बदलत राहिले, सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास तो सर्वांत तीव्र झाला तेव्हा गडद जांभळा होता, आणि सूर्य उगवेपर्यंत तो स्पष्ट दिसत होता. तारायंत्रावरही परिणाम झाला. समुद्राच्या तळातून गेलेली मुंबई–एडन तार त्या वेळी जेमतेम दोन वर्षांची होती. 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने ती १८७० साली टाकली. त्या रात्री या तारेवरचा व्यवहार काही तास बंद पडला. विलायतेहून बाजारभाव यायचे ते याच तारेने. त्यामुळे आभाळाकडे न पाहणाऱ्या मुंबईकर कापूस-दलालालाही सोमवारी सकाळी काहीतरी बिघडल्याचे कळले असणार. जळगावची बाजारपेठ तेव्हा नुकतीच उभी राहत होती, तीही कापसावरच आणि नव्या आगगाडीवर.

ध्रुवाजवळचा प्रकाश मुंबईला कसा दिसला? सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कणांचे ढग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतात. एरवी त्यांचा परिणाम ध्रुवांभोवतीच्या कड्यात दिसतो. नॉर्वेचा उत्तर किनारा नेमका या कड्याखाली येतो, म्हणून तिथे जहाजे जातात. सूर्यावरचे वादळ अतिशय मोठे असले की हे कडे फुगते आणि विषुववृत्ताकडे सरकते. हिरवा प्रकाश साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर निर्माण होतो, तांबडा त्याच्या वर, दोनशेपासून चारशे किलोमीटर आणि कधी त्याहूनही उंच. दोन्ही प्राणवायूचेच, फक्त हवेच्या विरळपणाचा फरक. आता पृथ्वी गोल असल्यामुळे लांबच्या डोंगराचे फक्त शिखर दिसावे तसे होते: चारशे किलोमीटर उंचीचा उजेड क्षितिजावर दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून दिसू शकतो, पण खालचा हिरवा भाग क्षितिजाखाली बुडालेला असतो. म्हणून आपल्या अक्षांशाला ध्रुवप्रकाश दिसलाच तर तो तांबडा-जांभळा असतो. नॉर्वेच्या जहाजावरचा माणूस पडद्याची झालर पाहतो, आपण पडद्याचा कळस.

मुंबई १९ अंशांच्या जरा अलीकडे. धुळे आणि जळगाव २१ अंशांच्या आसपास. म्हणजे त्या रात्री खानदेश या उजेडाच्या दोन अंश जवळ होता. फेब्रुवारीतले खानदेशी आकाश कसे असते ते इथल्या माणसाला सांगायला नको: समुद्राची वाफ नाही, ढग नाही, आणि १८७२ साली गावात दिवा म्हणजे कोनाड्यातली पणती. हरभरा-गव्हाच्या राखणीला शेतात झोपलेले लोक, बैलगाड्यांची रात्रीची वाट चाललेले गाडीवान, पहाटे जात्यावर बसायला उठलेल्या बाया, एवढे डोळे तर उत्तरेकडे उघडे असणारच. सातपुड्याच्या मागे तांबडा उजेड दिसला असेल तर पाहणाऱ्याने काय समजले असेल? सातपुड्यात वणवे लागतात. वणवाच समजणे सर्वांत स्वाभाविक.

जाणत्या भटजीबुवांकडे आणखी एक शब्द होता: दिग्दाह. म्हणजे दिशा पेटणे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. दिग्दाह पिवळा असेल तर राजाला भय, अग्नीच्या रंगाचा असेल तर देशाचा नाश, तांबूस असेल तर पिकांची हानी. पण आकाश निर्मळ, तारे स्वच्छ, वारा अनुकूल आणि उजेड सोन्यासारखा असेल तर प्रजेचे व राजाचे कल्याण. दिग्दाह म्हणजे दरवेळी ध्रुवप्रकाशच, असे मी म्हणणार नाही. धूळ, वणवा, संध्याराग हे सारे त्या शब्दात मावते. तरीही सहाव्या शतकातल्या उज्जैनच्या पंडिताला 'रात्री दिशा पेटते' या घटनेसाठी वेगळा अध्याय लागला, हे विसरू नये. आपल्याकडे या गोष्टीला नाव नव्हते, असे म्हणायची मात्र सोय राहत नाही.

आणि त्या वर्षी ज्याला भाकित खरे झाले असे म्हणायचे होते, त्याला सबब मिळाली. १८७२ च्याच सप्टेंबरात गिरणा-पांझरेला महापूर आला आणि धुळ्याची दैना झाली. खानदेशच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० सालच्या बाराव्या खंडात, या पुराची दखल आहे. पूर घरे नेतो, घरांवर आणि शेतांवर सरकारचा महसूल असतो, म्हणून पूर कागदावर येतो. आभाळातला उजेड कुणाचे काही नेत नाही.

कागदावर आले ते दुसरीकडे, कुलाब्याला.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या कुलाबा बेटावर १८२६ साली वेधशाळा बांधली. १८४० च्या दशकात तिथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. रेशमाच्या दोऱ्यासारख्या बारीक आधाराला टांगलेली चुंबकपट्टी, तिला आरसा, समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. पट्टी केसभर वळली तरी मोजपट्टीवरचा आकडा बदलतो. माणसाने दर तासाला दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वहीत टिपायचा. रात्र, पाऊस, सण काही नाही. पट्टी अस्वस्थ दिसली तर तासाची वाट न पाहता पंधरा किंवा पाच मिनिटांनी टिपायचा.

२ सप्टेंबर १८५९ ला ती पट्टी अस्वस्थ झाली. भाद्रपदाचे पहिले दिवस, गणपतीच्या आगेमागे. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांची चित्रे काढत असताना त्याला डागांच्या समूहात डोळे दिपवणारा उजेड काही मिनिटे दिसला होता. त्यानंतर साडेसतरा-अठरा तासांनी पृथ्वीला धक्का बसला. युरोप-अमेरिकेत रात्र लाल झाली, तारायंत्रे बिघडली. मुंबईत मात्र तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजलेले, वर पावसाळी आभाळ. कुणालाही काहीही दिसणे शक्य नव्हते. कुलाब्यातल्या वहीत मात्र पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण उतरली, म्हणजे शेकडा चारच्या आसपास. ऐकायला चार टक्के थोडे वाटते. एवढी खोल घसरण कमी अक्षांशावरच्या वेधशाळेत त्याआधी किंवा नंतर नोंदलेली नाही.

ती वही पुढे १४४ वर्षे फारशी कुणी उघडली नाही. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि कुलाब्याचा तो आलेख जगभर गेला. घसरणीचा अर्थ नेमका काय लावायचा, यावर अजून वाद चालू आहे. पण वाद घालायला आकडे आहेत ते कुलाब्याचे. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणारे लोक 'सर्वांत वाईट काय होऊ शकते' याचा हिशेब करतात, तेव्हा त्या सकाळच्या नोंदींपाशी येऊन थांबतात. टिपणाऱ्या साहाय्यकाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त पाळी चुकवली नाही.

या वेधशाळेशी मराठी माणसांचे नाते आपण विसरलो आहोत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचे काम पाहिले. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, ऐन पंधरा-सोळाव्या वर्षी प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली तिथे लागले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणाऱ्या केरूनानांची आकड्यांवरची भक्ती कुलाब्याच्या रात्रपाळीत घडली, असे मला वाटते. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकला तो बाळ गंगाधर टिळक नावाचा विद्यार्थी.

इथे कथेला एक विलक्षण वळण लागते. टिळक कधी उत्तर ध्रुवाकडे गेले नाहीत. पण मराठी माणसाच्या मनात उत्तर ध्रुव पहिल्यांदा ठसठशीत उभा केला तो त्यांनीच. १८९७-९८ च्या तुरुंगवासात मॅक्स म्युल्लरने पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्याजवळ होती; सुटल्यावर त्यांनी मांडणी लिहून काढली, आणि १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध झाले. बोस्टन विद्यापीठाच्या विल्यम वॉरनने १८८५ साली मानवजातीचे मूळ स्थान उत्तर ध्रुवावर असल्याचा ग्रंथ लिहिला होता, त्याचा आधार त्यांनी घेतला. टिळकांच्या युक्तिवादाचा कणा म्हणजे उषा. आपल्याकडची पहाट तासा-दीड तासात संपते. मग तैत्तिरीय संहितेत तीस उषांचा उल्लेख कशासाठी, वैदिक ऋषी उषेची इतकी आळवणी का करतात, इतके दिवस उजाडण्याची धास्ती का घेतात? ध्रुवावर पहाट दीड-दोन महिने क्षितिजाभोवती फिरत राहते, हे त्यांचे उत्तर. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगींनी आर्यांचे मूळ सप्तसिंधूतच असल्याचे प्रतिपादन करून त्यांना विरोध केला. आज टिळकांचा निष्कर्ष विद्वानांत कुणी मानत नाही, आणि तो मानण्याजोगाही नाही. तरी आकाशातल्या घटनेवरून काळ आणि स्थळ काढू पाहणारी त्यांची रीत केरूनानांच्या शिष्याला शोभणारी आहे.

टिळकांची उषा म्हणजे ध्रुवप्रकाश नव्हे. ती सूर्याचीच लांबलेली पहाट. पण शब्दांची गंमत पाहा. ध्रुवप्रकाशाला युरोपीय लोक 'ऑरोरा बोरिआलिस' म्हणतात, सतराव्या शतकापासून. ऑरोरा ही रोमनांची पहाटेची देवता, बोरिआलिस म्हणजे उत्तरेची. आणि लॅटिन ऑरोरा व वैदिक उषस् हे दोन शब्द एकाच मुळातून आलेले, सख्ख्या बहिणी. तेव्हा 'नॉर्दर्न लाइट्स'ला मराठीत नाव हवे असेल तर 'उत्तरेची उषा' हे भाषांतर नव्हे, माहेरचे नाव आहे. १९०३ साली पुण्यात उषेला उत्तर ध्रुवावर नेणारे पुस्तक निघाले, आणि पुढच्याच वर्षी, १९०४ ला, कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवायची तयारी झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांच्या प्रवाहाने सुई बिघडली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभाई मूस यांनी अलिबागला पोरबंदरी दगडाची, लोखंडाचा खिळाही नसलेली इमारत उभारली आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालवल्या, म्हणजे जुनी आणि नवी वही जुळावी. ट्राम १९०७ ला धावली. अलिबागची सुई आजही चालू आहे.

आता पुन्हा जहाजाकडे येतो, कारण त्याचीही एक वही आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याची ही बोट आज चैनीची वाटते. तिचा जन्म टपालासाठी झाला. त्रोन्हाइमहून हामरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागत. हजारो बेटे, खडक, दीपगृहे मोजकी आणि दोन महिने सूर्यच उगवत नाही. रात्री जहाज हाकायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने आणि त्याच्या वाटाड्याने होकायंत्राची दिशा, वेग आणि लागलेला वेळ यांची बारीक टिपणे ठेवली होती. त्या टिपणांच्या भरवशावर २ जुलै १८९३ ला 'वेस्टेरोलेन' ही आगबोट निघाली. 'हुर्तिग्रुटेन', म्हणजे जलद मार्ग. हे नाव आमच्या मंडळींच्या तोंडी 'हुर्ती' असे बसले आहे. परदेशी प्रवासी त्या किनाऱ्यावर आधीपासून येत, पण ते उन्हाळ्यात, मध्यरात्रीचा सूर्य पाहायला. टॉमस कूकने नॉर्थ केपची सहल १८७५ सालीच काढली होती. हिवाळा हा कोळ्यांचा, टपालाचा आणि कॉडमाशांचा. अंधार विकायची कल्पना त्यानंतर फार उशिरा आली. आज बर्गेनपासून किर्केनेसपर्यंत जाऊन परतायला अकरा रात्री लागतात, आणि वाटेत चौतीस बंदरे घेत बोट अजूनही माल उतरवते.

या प्रवासाचा खरा फायदा जहाज हलते हा आहे. गावातले दिवे मागे पडतात आणि एका खाडीवर ढग असला तर पुढची मोकळी सापडू शकते. जाणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की शक्यतो अमावास्येच्या बाजूच्या रात्री निवडा, आणि आल्टा गावाकडे मुक्काम झाला तर हाल्दे डोंगराची चौकशी करा. तिथे १८९९ साली क्रिस्तियान बिर्केलान याने ध्रुवप्रकाशासाठी वेधशाळा बांधली. निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून, त्यावर विद्युतकण सोडून त्याने प्रयोगशाळेत ध्रुवांभोवती उजेडाची कडी पाडून दाखवली. आणि होकायंत्राची सुई ध्रुवप्रकाशात थरथरते, हे त्याच्याही आधी, १७४१ साली, स्वीडनमध्ये उप्सालाच्या हिओर्टर आणि सेल्सियस यांनी टिपले होते. तेव्हापासून डोळा आणि सुई अशा दोन साक्षीदारांवर हा सारा शोध चालला आहे. नॉर्वेत दोघे एकत्र भेटतात. मुंबईत १८५९ ला फक्त सुई होती. १८७२ ला दोघेही होते.

त्या १८७२ च्या रात्रीचा मोठा तपास नागोयाचे हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. शेकडो नोंदी त्यांनी गोळा केल्या. चुंबकीय आकड्यांसाठी त्यांना कुलाबा लागले. डोळ्यांच्या साक्षीसाठी वर्तमानपत्रे तर होतीच, पण चीनमधले स्थानिक बखरवजा इतिहास आणि जपानमधली देवळेही उपयोगी पडली. ओकाझाकीच्या एका बौद्ध मंदिरात त्या रात्रीच्या तांबड्या आकाशाचे चित्र काढून ठेवलेले आहे. कुणा भिक्षूने ते रंगवले, बाजूला मजकूर लिहिला, आणि दीडशे वर्षांनी ते पुरावा झाले. उजेड आकाशात किती उंच होता, किती अक्षांशापर्यंत उतरला, यावरून वादळाची ताकद काढतात. त्यामुळे विषुववृत्ताच्या जितकी जवळची नोंद तितकी ती मोलाची. मुंबईची नोंद या यादीत अगदी तळाशी आहे, म्हणजे मोलाने अगदी वर.

मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हान्लेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी तांबडा ध्रुवप्रकाश टिपला, तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी तो दाखवला. हान्ले बत्तीस-तेहतीस अंशांवर आहे. १८७२ चे वादळ मुंबईपर्यंत उतरले होते, हे त्या दिवशी कुणी सांगितल्याचे मी ऐकले नाही.

खानदेशात जुनी घरे अजून आहेत. अमळनेर, पारोळा, एरंडोल, चोपडा, नंदुरबार, शिरपूर इथल्या माळ्यांवर पेट्या आहेत. सावकारी बह्या, देवस्थानांच्या खर्चाच्या वह्या, जोशांच्या घरची पंचांगे. पंचांगाच्या समासात जन्म, मृत्यू, पहिला पाऊस, धाड, भूकंप लिहून ठेवायची आपल्याकडे रीत होती. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात बसून मी असे अनेक समास वाचले आहेत. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली ती अशाच माळ्यांवरून. आपल्या घरी शके १७९३ चे पंचांग किंवा बही असेल तर पौष वद्य दशमी-एकादशीचे पान काढून पाहा. 'उत्तरेस आरक्त', 'दिशा पेटली', 'सातपुड्यात आग', 'रात्री उजेड' असे काहीही असू शकते. मोडीत असेल तर वाचून द्यायला मी येईन. पान फाडू नका, ओलसर हात लावू नका, आणि रद्दीवाल्याला आधी थोडे थांबायला सांगा.